रिबन स्प्लाइसमध्ये एखाद्या फायबरचा लॉस पुन्हा पुन्हा वाढतो: दोष कुठे आहे ते कसे शोधावे

लक्षण ओळखीचे आहे. बारा फायबरची रिबन (शेजारी-शेजारी चिकटवलेल्या ऑप्टिकल फायबरची पट्टी) मास फ्यूजन मशीनवर, म्हणजे बाराही फायबर एकदम वितळवून जोडणाऱ्या यंत्रावर, जोडली. लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, मोजला: दहा-अकरा फायबर ०.०२ ते ०.०५ डीबीत बसले आणि एक मात्र ०.१८ किंवा ०.२५ दाखवतो. जॉइंट तोडला, पुन्हा स्ट्रिप (कोटिंग सोलणे), पुन्हा क्लीव्ह (काच सरळ कापणे), पुन्हा आर्क (विजेच्या ठिणगीने वितळवून जोडणे). आता तो फायबर सुधारला, पण दुसराच बिघडला. दर खेपेला दोन्ही बाजूंची तीन-चार सेंटिमीटर रिबन खर्ची पडते आणि चौथ्या खेपेपर्यंत जोड ठेवायच्या ट्रेमध्ये नीट वळसा बसेल एवढी लांबी उरत नाही.

म्हणून तोडायच्या आधी वहीत लिहा: कितव्या क्रमांकाचा फायबर, किती लॉस, पडद्यावर काय दिसले. फक्त वाईट फायबरचा नाही, बाराही फायबरचे आकडे. चार-पाच जॉइंटचे आकडे एकाखाली एक आले की बहुतेक वेळा दोष स्वतःच बोट दाखवतो. दर वेळी तोच क्रमांक, फक्त कडेचे फायबर, सगळे सारखेच वाढलेले, किंवा काहीच मेळ नाही: या चार नमुन्यांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मशीन फायबर सरळ का करत नाही

एकेरी फायबरचे कोअर अलाइनमेंट मशीन दोन्ही टोके हलवून गाभ्याला गाभा जुळवते. रिबनच्या मशीनमध्ये ती सोय नाही. बारा फायबर बारा पक्क्या व्ही-ग्रूव्हमध्ये (व्ही आकाराच्या खाचांत) बसतात आणि मशीन त्यांना फक्त पुढे-मागे सरकवते. फायबर वर-खाली किंवा बाजूला किती राहणार, हे ती खाच आणि काचेचा १२५ मायक्रॉनचा बाहेरचा व्यास ठरवतो. खाचेत धूळ असेल तर मशीन ती दाखवेल, पण दुरुस्त करणार नाही.

आकड्यात सांगायचे तर जी.६५२.डी या नेहमीच्या सिंगल-मोड फायबरचा मोड फील्ड व्यास (प्रकाश पसरलेल्या भागाची रुंदी) १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला सुमारे ९.२ मायक्रॉन असतो. दोन गाभे १ मायक्रॉनने सरकले की लॉस साधारण ०.२ डीबी येतो, अर्ध्या मायक्रॉनला ०.०५. लॉस सरकण्याच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ‘थोडेसेच वर दिसतेय’ म्हणून आर्क मारणे परवडत नाही. वितळलेल्या काचेचा पृष्ठताण दोन्ही टोकांना थोडेफार रेषेत ओढतो हे खरे, पण तो ओढतो क्लॅडिंगला (गाभ्याभोवतीच्या काचेला), गाभ्याला नाही. मानकानुसार गाभा क्लॅडिंगच्या केंद्रापासून ०.६ मायक्रॉनपर्यंत सरकलेला चालतो. दोन फायबरमध्ये तो नेमका उलट दिशांना सरकलेला असला तर काहीही केले तरी लॉस खाली येत नाही. आजच्या चांगल्या फायबरमध्ये ही सरक बरीच कमी असते, म्हणून हा शेवटचा संशयित. सुरुवात इथून करू नका.

नमुना पहिला: दर वेळी तोच क्रमांक

समजा दर जॉइंटला पाचवा, म्हणजे स्लेट (राखाडी) रंगाचा फायबर वाईट येतो. तीन शक्यता आहेत: पाचव्या खाचेत किंवा तिच्यावरच्या क्लॅम्पवर कचरा, क्लीव्हरच्या पॅडवर त्या जागी काचेचा तुकडा, किंवा दोष त्या फायबरमध्येच.

छडा लावायची सोपी चाचणी अशी: दोन्ही बाजूंच्या रिबन होल्डरमध्ये उलट्या घाला. निळा, म्हणजे पहिला फायबर, मागे ठेवत असाल तर आता दोन्हीकडे पुढे घ्या. त्यामुळे पाचव्या खाचेत आता आठवा, म्हणजे काळा फायबर येईल. जॉइंट करा. काळ्याचा लॉस वाढला तर दोष जागेचा आहे. स्लेटच वाईट राहिला तर दोष फायबरसोबत फिरतो आहे. त्या केबलच्या दुसऱ्या ड्रमवरचा तुकडा घेऊन पडताळा. ही चाचणी चालू लाइनवर करू नका, केबलच्या वाया जाणाऱ्या टोकांवर करा. आणि उलटवायच्या तर दोन्ही रिबन उलटवा. एकच उलटली तर रंगाला रंग मिळणार नाही आणि आकड्यांचा गोंधळ होईल.

दोष जागेचा निघाला तर खाच की क्लीव्हर, हे आर्कच्या आधीच्या चित्रावरून कळते. शेजारच्या फायबरांच्या तुलनेत एक फायबर वर उचललेला किंवा तिरका दिसतो, पण टोक सपाट आहे: खाच किंवा क्लॅम्प. फायबर ओळीत आहे, पण टोक तिरके आहे, कोपरा तुटला आहे किंवा कडेला ओठासारखा उंचवटा आला आहे: क्लीव्हर.

खाच साफ करायची पद्धत:

१. मशीन बंद करा. बारीक टोकाची कापसाची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवा आणि खाचांच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर, एकदाच फिरवा. आडवी घासू नका; कचरा एका खाचेतून शेजारच्या खाचेत जातो.
२. चिकट कण हलला नाही तर स्ट्रिप करून पुसलेला आणि क्लीव्ह केलेला उघडा फायबर घ्या आणि त्याच्या टोकाने ती एकच खाच साधारण ४५ अंशांत हलकेच खरवडा. सुई, टाचणी किंवा ब्लेड लावायचे नाही.
३. झाकणातले फायबर क्लॅम्प वेगळ्या, कोऱ्या काडीने पुसा. हे हमखास विसरले जाते. खाच चकचकीत असली आणि क्लॅम्पखाली कण असला तरी फायबर तिरकाच दाबला जातो.
४. अल्कोहोल पूर्ण वाळू द्या.

डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा खाचांवर मारू नका. त्यातले द्रव्य आत बसते आणि आर्कच्या उष्णतेने जळून चिकटते; मग वरची चारही कामे पुन्हा करावी लागतात.

नमुना दुसरा: कडेचेच फायबर बिघडतात

पहिला आणि बारावा दोन्ही, की त्यांतला एकच? एकच असेल तर आधी क्लीव्ह झालेल्या टोकांची ओळ पाहा. बाराही टोके एका सरळ रेषेत हवीत. रिबन होल्डरमध्ये किंचित तिरकी बसली असेल किंवा होल्डर क्लीव्हरच्या खोबणीत तळापर्यंत गेला नसेल, तर टोकांची ओळ तिरपी येते: निळ्याकडे फट कमी, ॲक्वाकडे (बाराव्याकडे) जास्त. मशीन दोन्ही रिबन एकत्रच पुढे सरकवते. जवळची टोके जास्त दाबली जाऊन जाड होतात आणि लांबची पुरेशी भेटत नाहीत. तिथे जोड बारीक होतो किंवा बुडबुडा राहतो. होल्डरच्या खाचेत जेली किंवा कोटिंगचा भुगा असला की रिबन नेमकी अशीच बसते. रिबन केबलमधली जेली आधी जेली क्लीनरने आणि मग अल्कोहोलने काढावी, आणि होल्डरच्या आत येणारा भागही पुसावा. फक्त पुढची तीन सेंटिमीटर पुसणे पुरत नाही.

दोन्ही कडा वाईट आणि मधले फायबर चांगले, किंवा नेमके उलट, असेल तर आर्ककडे पाहा. बारा फायबरची ओळ सुमारे ३ मिमी रुंद असते आणि इलेक्ट्रोड तिच्या दोन बाजूंना. या सगळ्या रुंदीवर सारखी उष्णता पडेल असा आर्क मशीनने जुळवलेला असतो. इलेक्ट्रोडच्या टोकावर सिलिकाचा पांढरा थर बसला किंवा टोक झिजले की तो समतोल बिघडतो. एकाच बाजूला उष्णता जास्त पडत असेल तर जोडाची जाडी पहिल्यापासून बाराव्यापर्यंत हळूहळू बदलत जाते, आणि पडद्यावर ते साध्या नजरेलाही दिसते.

इलेक्ट्रोड नेहमी जोडीने बदला आणि टोकाला बोट लावू नका. बदलल्यावर इलेक्ट्रोड स्थिर करण्याचे आर्क चालवा, मग आर्क कॅलिब्रेशन करा. कॅलिब्रेशनसाठी जी रिबन जोडायची तीच घ्या. ड्रॉवरमध्ये पडलेली दुसऱ्या कंपनीची जुनी रिबन घेऊन केलेले कॅलिब्रेशन त्या जुन्या रिबनपुरतेच खरे. एकदा ‘ओके’ आले म्हणून थांबू नका, लागोपाठ दोनदा येऊ द्या.

नमुना तिसरा: बाराही फायबर ०.१ च्या वर

आधी सेटिंग पाहा. मल्टीमोडचा मोड चुकून निवडलेला राहणे, १२ ऐवजी ८ फायबरचा प्रोग्रॅम असणे, हे प्रकार घडतात. त्यानंतर हवा. आर्कची ताकद हवेच्या दाबावर आणि आर्द्रतेवर ठरते. वाईहून महाबळेश्वरला चढलात तर काम सुरू करण्याआधी कॅलिब्रेशन करा. तिथली उंची सुमारे १,३५० मीटर आहे. मशीन दाब आपोआप जुळवत असले तरी करा, दोन मिनिटांचे काम आहे.

कोकणात पावसाळ्यात वेगळाच त्रास. एसी गाडीतून मशीन बाहेर काढले की थंड खाचांवर आणि लेन्सवर दव धरते. चित्र धुरकट दिसते आणि पहिले दोन-तीन जॉइंट बिघडतात. मशीन बॅगेतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. विदर्भात मे महिन्यात उलटे: बऱ्याच मशीनची कामाची मर्यादा ५० अंश सेल्सिअस असते आणि उन्हात बंद असलेल्या गाडीत ती सहज ओलांडली जाते.

सेटिंग आणि आर्क दोन्ही ठीक असतील तर लॉस खरा आहे का, हे तपासा. इथे ओटीडीआर (परत येणाऱ्या प्रकाशावरून लॉस मोजणारे उपकरण) फसवतो. समजा एका बाजूला ९.२ मायक्रॉनचा जी.६५२.डी आहे आणि दुसऱ्या बाजूला ८.६ मायक्रॉनचा जी.६५७ (वळण सोसणारा फायबर). मोड फील्ड न जुळल्यामुळे होणारा खरा लॉस फक्त ०.०२ डीबी. पण ८.६ च्या बाजूने मोजले तर ओटीडीआर साधारण ०.३१ डीबी लॉस दाखवेल, आणि ९.२ च्या बाजूने मोजले तर उलट ०.२७ डीबीचा गेन. लहान मोड फील्डचा फायबर जास्त प्रकाश मागे परतवतो, एवढेच त्याचे कारण. दोन्ही आकड्यांची चिन्हासकट सरासरी ०.०२ येते. एकाच टोकाच्या मोजमापावरून असे उत्तम जॉइंट तोडले जातात. रिबन कुठलीही असो, दोन्ही टोकांहून मोजल्याशिवाय जॉइंट नापास करू नये.

मशीनच्या पडद्यावरचा अंदाजी लॉस हा फक्त अंदाज. मास फ्यूजन मशीन तो मुख्यतः क्लॅडिंगच्या चित्रावरून काढते. ढोबळ बिघाड पकडायला तो चांगला, पण ०.०३ आणि ०.०६ मधला फरक त्यावरून ठरवू नका.

नमुना चौथा: काहीच मेळ नाही

आज तिसरा, उद्या अकरावा, मग सातवा आणि आठवा. दहापैकी नऊ वेळा दोष तयारीत असतो: स्ट्रिप, पुसणे, क्लीव्ह. तिन्ही नीट पाहू.

थर्मल स्ट्रिपर पूर्ण तापल्याचा दिवा लागू द्या. रिबन होल्डरच्या पुढे ३० ते ४० मिमी ठेवा, स्ट्रिपर बंद करून साधारण पाच सेकंद थांबा आणि मग एकाच वेगाने, सरळ रेषेत ओढा. कोटिंग आणि मॅट्रिक्स (फायबर एकत्र धरणारा थर) एकसंध नळीच्या रूपात निघायला हवे. भुगा होऊन निघाले तर तापमान कमी आहे, थांबण्याचा वेळ कमी पडला आहे किंवा ब्लेड झिजले आहे. झटका देऊन ओढले तर काचेवर बारीक ओरखडे पडतात. ते दिसत नाहीत, पण ताण चाचणीत जोड तिथेच तुटतो. प्रत्येक स्ट्रिपनंतर ब्रशने ब्लेड झाडा. मागच्या रिबनचा उरलेला भुगा पुढच्या रिबनवर चिकटतो, आणि ‘काहीच मेळ नाही’ या नमुन्याचे सर्वात मोठे कारण हेच असते.

पुसायला धागे न सोडणारे वाइप आणि ९९ टक्के अल्कोहोल. घरगुती टिश्यू नको. हातांचे सॅनिटायझर तर नकोच. त्यात पाणी आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असते आणि त्याचा थर काचेवर राहतो. पावसाळ्यात अल्कोहोलची बाटली उघडी ठेवली तर ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून पंपाच्या बाटलीत थोडे थोडेच भरा. वाइपची घडी करून रिबन वरून-खालून चिमटीत धरा, होल्डरकडून टोकाकडे एकदा ओढा. मग वाइपची कोरी जागा घेऊन आणखी एकदा.

पुसल्यावर ओले फायबर एकमेकांना चिकटतात. तसेच क्लीव्हरमध्ये ठेवले तर दोन फायबर एकावर एक चढतात, आणि शेजारशेजारच्या जोडीचा लॉस वाढलेला दिसतो. सातवा आणि आठवा एकदम बिघडले ते यामुळे. टोकांवर अंगठ्याने एकदा हलकेच टिचकी द्या. फायबर सुटे होतात आणि अल्कोहोलही उडते. क्लीव्ह झाल्यावर मात्र पुसायचे नाही. टोकाला काहीही लागले तर रिबन पुन्हा क्लीव्ह करा.

क्लीव्हरबद्दल एक हिशेब सतत चुकतो. ब्लेडच्या एका स्थितीला कंपनीने १,००० फायबर सांगितले असतील तर बाराच्या रिबनचे ते फक्त ८३ क्लीव्ह होतात. एकेरी कामाच्या सवयीने चालवले तर ब्लेड कधीच बोथट झालेले असते. रिबनचा क्लीव्ह कोन बाराही फायबरचा १ अंशाच्या आत यावा हे लक्ष्य ठेवा. मशीनची मर्यादा ३-४ अंशांवर सेट असते म्हणून ती आर्क मारू देते, पण ते चांगल्या क्लीव्हचे प्रमाणपत्र नव्हे. ब्लेडची स्थिती बदलल्यावर पहिले दोन-तीन क्लीव्ह टाकाऊ रिबनवर करा. पॅड रोज पुसा. तुटलेली काच डब्यातच गेली पाहिजे. चटईवर पडलेला तुकडा तळपायात शिरला की दिसतही नाही आणि निघतही नाही.

एवढे सगळे ठीक असूनही नव्या केबलमध्ये एखादा फायबर कधी कधी वर राहतो, त्याला कर्ल कारण असू शकते. उघड्या फायबरची नैसर्गिक वक्रता ४ मीटर त्रिज्येची असेल तर खाचेबाहेर आलेल्या २ मिमी काचेचे टोक अर्धा मायक्रॉन सरकते, आणि समोरचाही उलट वाकलेला असला तर एक मायक्रॉन. खाच कितीही साफ करा, हे जाणार नाही. दुसऱ्यांदा जोडून फरक पडला नाही आणि चित्रात फायबर कमानीसारखा दिसला तर दोन्ही टोकांहून मोजा, कंत्राटाच्या मर्यादेत असेल तर स्वीकारा आणि नोंद ठेवा.

जॉइंट चांगला होता, ट्रे बंद केल्यावर बिघडला

हा फ्यूजनचा दोष नाही. १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हींवर मोजा. गाभे सरकल्याचा लॉस १५५० ला किंचित कमी येतो. १३१० ला ०.२० असेल तर १५५० ला सुमारे ०.१६. उलट १५५० ला तो ठळकपणे जास्त असेल तर कुठेतरी वळण किंवा दाब आहे. १६२५ ला मोजायची सोय असेल तर ते आणखी स्पष्ट दिसते.

आधी स्लीव्ह, म्हणजे जोडावरची संरक्षक नळी, पाहा. १० मिमीचा क्लीव्ह म्हणजे दोन्ही बाजू मिळून २० मिमी उघडी काच. ४० मिमीची रिबन स्लीव्ह मध्यभागी बसली तर दोन्हीकडे कोटिंगवर १० मिमी पकड मिळते. स्लीव्ह ५ मिमी सरकली तरी एका बाजूची पकड निम्मी होते आणि तिथे फायबर वाकतात. हीटरमध्ये ठेवताना रिबन हलकी ताणून ठेवा, सिरॅमिकची पट्टी खाली आणि रिबन तिच्यावर सपाट. स्लीव्ह थंड होण्याआधी उचलली तर पट्टीसकट सगळे वाकते. एकेरी फायबरची स्टीलच्या काडीची स्लीव्ह रिबनला वापरू नका. गोल काडीवर बारा फायबर सपाट बसत नाहीत.

मग ट्रे. रिबन फक्त सपाट बाजूने वळते. पीळ पडून कडेवर वळली तर बाहेरच्या फायबरला ताण आणि आतल्याला दाब येतो, त्यामुळे फक्त १५५० ला पहिला आणि बारावा बिघडलेले दिसले तर पीळ शोधा. जी.६५२.डी साठी वळणाची त्रिज्या ३० मिमीपेक्षा कमी ठेवू नका. पीळ ट्रेमध्ये जिरवायचा नाही, स्प्लाइसच्या आधी ट्यूबपासून सोडवून घ्यायचा.

२०० मायक्रॉन आणि गुंडाळता येणाऱ्या रिबन

काही नव्या केबलमध्ये फायबर २५० ऐवजी २०० मायक्रॉन अंतरावर असतात. असा तुकडा २५० च्या खाचांत सपाट बसतच नाही. कडेचे फायबर खाचेच्या काठावर चढतात. त्याला २०० ची खाच किंवा अंतर बदलून देणारा होल्डर हवा. तुटक चिकटवलेली, गुंडाळता येणारी रिबन असेल तर होल्डरमध्ये घालण्याआधी बोटांनी सपाट करा, रंगांचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, स्लेट, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, ॲक्वा असा मोजून पाहा आणि मगच झाकण दाबा. या रिबनमध्ये दोन फायबरची अदलाबदल सहज होते आणि मशीनला ती कळत नाही. लॉस ०.०२ येतो आणि प्रकाश दुसऱ्याच ग्राहकाकडे जातो.